वाघाची मावशी बेटावर उतरते तेव्हा...

मनीला पुन्हा पिल्लं झालेली असतात. शेजारपाजारी विचारून झालेलं असतं, "एखादं हवंय का हो? अगदी गरीब आहेत. उंदरांचा बंदोबस्त होईल!" एक पिल्लू जाऊबाई घेऊन जातात, एक दूधवाला नेतो. उरलेली दोन कपाटामागे धुडगूस घालत राहतात. मग एका रविवारी यजमान कापडी पिशवी घेऊन बाहेर पडतात आणि मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर ती रिकामी करून परत येतात. "तिथं खायला मिळेल हो त्यांना," असं म्हणून आपण मनाची समजूत घालतो आणि कणीक मळायला घेतो.

खरं सांगा, हा प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे की नाही?

आज तुम्हाला अशीच मांजरं जिथे सोडली गेली, त्या काही बेटांची हकीकत सांगायची आहे. बेटं फार दूरची आहेत. काहींवर तर वर्षभर वारा आणि थंडीशिवाय दुसरं काही नसतं. पण मांजर मात्र तेच, तुमच्या ओट्याखाली पायात घोटाळणारं. आणि ती सोडणारी माणसंही दुष्ट नव्हती. आपल्यासारखीच साधी, संसारी आणि 'पुढचं पुढे बघू' म्हणणारी होती.

दीपस्तंभाखालचं बिऱ्हाड

न्यूझीलंड हा देश मुख्यतः दोन मोठ्या बेटांचा, एक उत्तरेचं आणि एक दक्षिणेचं. या दोहोंमधल्या सामुद्रधुनीत स्टीफन्स नावाचं एक इवलंसं बेट आहे. तिथले मूळचे माओरी लोक त्याला ताकापोउरेवा म्हणतात. आकार जेमतेम दीड चौरस किलोमीटर. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांसाठी या बेटावर दीपस्तंभ बांधला गेला आणि जानेवारी १८९४ मध्ये त्याचा दिवा पहिल्यांदा लागला. दिव्याची राखण करायला माणसं आली. त्यांच्या मागोमाग बायकामुलं आली, गुरं आली. आणि घर म्हटलं की मांजर आलंच!

दीपस्तंभावर डेव्हिड लायल नावाचा एक मदतनीस होता. त्याला पक्ष्यांची आवड होती. त्या वर्षी त्याच्या लक्षात आलं, की मांजर अधूनमधून एक चिमुकला मेलेला पक्षी घेऊन येतंय. चिमणीहूनही लहान, आखूड शेपटीचा. असा पक्षी त्याने कुठे पाहिला नव्हता. जिवंत पक्षी त्याला फक्त दोनदा दिसला. तो उडत नव्हता. खडकांमधून उंदरासारखा तुरुतुरु पळत होता.

लायलने ते पक्षी जपून ठेवले आणि जाणकारांकडे पाठवले. ते थेट लंडनला पोहोचले. रॉथ्सचाइल्ड या धनाढ्य घराण्यातले वॉल्टर रॉथ्सचाइल्ड पक्ष्यांचे मोठे संग्राहक होते. त्यांनी १८९४ च्या अखेरीस जगाला सांगितलं, की ही पक्ष्यांची एक अगदी नवी जात आहे. रेन म्हणतात त्या छोट्या पक्ष्यांसारखी, पण न उडणारी. नावात लायलचंही नाव गुंफलं गेलं. आणि पुढे काय झालं? मार्च १८९५ मध्ये न्यूझीलंडच्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं, की हा पक्षी आता बेटावर दिसत नाही, बहुधा तो संपला. म्हणजे बारशाच्या घुगऱ्या वाटून होताहेत, तोवर बाराव्याची वेळ!

खापर कुणाच्या माथी?

ही गोष्ट पुढे जगभर सांगितली गेली, पण जरा तिखटमीठ लावून. दीपस्तंभाच्या एकट्या मांजरीनं पक्ष्यांची एक अख्खी जात खाऊन संपवली, अशी! कुणीतरी त्या मांजरीला 'टिबल्स' असं लाडकं नावही देऊन टाकलं. पुढे रॉस गॅलब्रेथ आणि डेरेक ब्राउन या दोघांनी जुनी कागदपत्रं चाळून २००४ साली खरी हकीकत मांडली. मांजर एक नव्हतंच. बेटावर आलेल्या मांजरांची वीण बघता बघता वाढली आणि ती रानात पसरली. पक्षीही एका दिवसात संपले नाहीत, थोडे पुढची काही वर्षं तग धरून असावेत. १८९९ साली तिथल्या एका रखवालदारानं वर्ष भरायच्या आत शंभरावर रानटी मांजरं बंदुकीनं मारली. बेटावरची मांजरं पूर्ण संपायला मात्र १९२५ साल उजाडलं. तोवर तो पक्षी कधीच गेला होता.

आणखी एक गोष्ट. हा पक्षी एके काळी न्यूझीलंडच्या मोठ्या बेटांवरही होता. त्याची हाडं तिथल्या गुहांमध्ये सापडली आहेत. माणसांच्या होड्यांमधून उंदीर आले आणि तिथे तो आधीच संपला. उंदीर न पोहोचलेलं स्टीफन्स बेट हा त्याचा शेवटचा आसरा होता. तिथे आपण माणसं मांजर घेऊन उतरलो.

म्हणजे बघा, एका 'टिबल्स'च्या माथी खापर फोडलं की सगळे मोकळे. पण मांजर काही पोहत गेलं नव्हतं. त्याला होडीत घालून कुणी नेलं? आणि पिल्लं वाढू लागली तेव्हा कुणी काणाडोळा केला?

घरचं मांजर रानटी कसं होतं?

तुम्ही म्हणाल, आमची मनी तर वाटीतल्या दूधभातासाठी दिवसभर मागे मागे करते. ती कसली शिकार करणार?

मांजराचा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ही गोष्ट पाहिलेली असते. पोटभर जेवलेली मनीसुद्धा पाल दिसली की दबा धरते. शिकारीची ओढ भुकेवर अवलंबून नसते. रक्तातच असते ती. आपण तिला वाघाची मावशी म्हणतो ते उगीच नव्हे.

शिवाय मांजर माणसाळतं ते लहानपणीच. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना त्याला माणसाचा हात लागला, त्यानं घरातले आवाज ऐकले, तरच ते आपलं होतं. तेवढे दिवस हुकले की पिल्लू जन्मभर बुजरं राहतं. म्हणजे घरच्या लाडावलेल्या मांजरीची पिल्लं आडरानात जन्मली तर पहिल्याच पिढीत ती रानटी. त्यासाठी शंभर वर्षं लागत नाहीत, एक वीण पुरते.

विणीचा हिशेब तर तुम्हाला सांगायला नको. मांजरीचे दिवस भरायला दोन महिने आणि वर तीन-चार दिवस लागतात. एका वेळी सरासरी चार पिल्लं. आणि त्यातली मादी पाच-सहा महिन्यांची झाली, की तीही विण्याजोगी होते. मोडी मांडल्यासारखे आकडे वाढत जातात.

आता बेटावरच्या पक्ष्यांची बाजू पाहा. न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. दक्षिणेच्या कितीतरी बेटांवर तर तेवढेही नाहीत. कोल्हा नाही, मांजर नाही, मुंगूस नाही. हजारो वर्षं अशा निर्धास्त जागी राहिलेले पक्षी जमिनीवर उघड्यावर किंवा बिळात अंडी घालतात. काही तर उडणंच विसरले. शत्रू समोर आला तर पळायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. त्यातले पुष्कळसे समुद्रपक्षी वर्षाला एकच अंडं घालतात. एकीकडे वर्षाला आठ-दहा पिल्लं घालणारी मांजर आणि दुसरीकडे एका अंड्यावर जीव टांगलेला पक्षी. हा सामना कसा व्हायचा?

जगभरच्या बेटांची पाहणी करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की अलीकडच्या काळात जगातून नाहीशा झालेल्या पक्षी, सस्तन आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जातींपैकी किमान १४ टक्के जातींच्या नाशात बेटांवरच्या रानटी मांजरांचा हात आहे.

पाच मांजरं आली...

आता आपल्याच हिंदी महासागरात, पण पार दक्षिणेला जाऊ या. आफ्रिकेच्या टोकापासून कितीतरी खाली, बर्फाळ वाऱ्यात, मॅरियन नावाचं सुमारे २९० चौरस किलोमीटरचं बेट आहे. एकोणिसाव्या शतकात सीलची शिकार करणारे लोक तिथे यायचे. त्यांच्या सामानातून उंदीर उतरले आणि तिथेच राहिले. पुढे दक्षिण आफ्रिकेनं या बेटावर १९४८ साली हवामानखात्याचं ठाणं उघडलं. ठाणं म्हटलं की कोठीघर आलं, आणि कोठीघर म्हटलं की उंदीर आले. आपण काय करतो? मांजर आणतो. त्यांनीही तेच केलं. १९४९ मध्ये पाच मांजरं आणली.

ही मांजरं ठाण्यापुरती राहिली नाहीत. १९७७ च्या सुमाराला बेटावर अंदाजे ३,४०० मांजरं होती. सत्तरच्या दशकातल्या हिशेबाप्रमाणे ती वर्षाकाठी साडेचार लाखांच्या आसपास पक्षी मारत होती. बहुतेक सगळे बिळात घरटं करणारे पेट्रेल पक्षी. आणि ज्यांच्यासाठी मांजरं आणली ते उंदीर? ते होते तिथेच मजेत होते. समोर आयतं पक्ष्यांचं ताट वाढलेलं असताना मांजरांना चपळ उंदरांमागे धावायची काय गरज?

मग ही मांजरं हटवायची मोहीम सुरू झाली. १९७७ मध्ये मांजरांना होणाऱ्या एका जीवघेण्या रोगाचा विषाणू मुद्दाम सोडला गेला. पाच वर्षांत आकडा सहाशेच्या आसपास आला, पण उरलेली मांजरं त्या रोगाला पुरून उरली. मग १९८६ पासून माणसं रात्री दिवे आणि बंदुका घेऊन थंडीवाऱ्यात बेट पिंजून काढू लागली. सापळे लावले, विष घातलं. शेवटचं मांजर गेलं ते १९९१ मध्ये. पाच मांजरं आणायला जहाजाची एक खेप पुरली होती. ती घालवायला चौदा वर्षं लागली, आणि हजारो मुक्या जिवांना त्यासाठी मरावं लागलं. वाचताना जीव कळवळतो, नाही? तो पक्ष्यांसाठीही कळवळतो आणि मांजरांसाठीही.

...आणि उंदीर राहिले

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. बिळातले पक्षी हळूहळू वाढू लागले, पण वाटलं होतं तेवढे नाहीत. कारण उंदीर शिल्लक होते. तिथली थंडीही वर्षानुवर्षं कमी होत चालली आहे. त्यामुळे उंदरांची वीण लांबली, संख्या वाढली आणि खायला किडेमकोडे अपुरे पडू लागले.

मॅरियनवर अल्बट्रॉस नावाचा प्रचंड पक्षी राहतो. त्यातल्या सर्वांत मोठ्या जातीच्या पंखांचा पसारा दहा-अकरा फूट! नर-मादी जन्माचे जोडीदार, दोन वर्षांतून एकदा एकच अंडं, आणि पिल्लू पूर्ण हिवाळाभर घरट्यात आईबापांची वाट बघत बसलेलं. २००३ साली अशा पिल्लांवर उंदरांनी घातलेले घाव दिसले. उंदीर रात्री येतात आणि बसलेल्या पिल्लाला जिवंतपणी कुरतडतात. ते हलत नाही, झटकत नाही, कारण उंदीर हा शत्रू आहे हेच त्याला कळत नाही. २०२३ मध्ये तर पूर्ण वाढलेले अल्बट्रॉसही असेच मेलेले आढळले. आता बेटावरचे सगळे उंदीर संपवण्यासाठी हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकायची योजना आखली गेली आहे.

वीसेक किलोमीटरवर प्रिन्स एडवर्ड नावाचं धाकटं बेट आहे. तिथे ना मांजरं आली, ना उंदीर. तिथले पक्षी आजही सुखानं नांदताहेत.

ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर याच कथेचा दुसरा अध्याय घडला. तिथे सीलचे शिकारी आधी मांजरं घेऊन आले. बरीच वर्षं मांजरं आणि तिथला पोपट दोघंही कसेबसे टिकून होते, कारण हिवाळ्यात समुद्रपक्षी निघून गेले की मांजरांचीही उपासमार व्हायची आणि त्यांची संख्या आपोआप आटोक्यात राहायची. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसांनी मटणासाठी ससे सोडले. मांजरांची बारमाही बेगमी झाली! सशांवर पोसलेल्या मांजरांनी दहा-वीस वर्षांत पोपट संपवला. शेवटचं मांजर २००० साली गेलं आणि त्यानंतर ससे बेसुमार वाढले. मांजरं गेली हे त्याचं एक कारण. सशांना आवर घालणाऱ्या रोगाचा जोर ओसरला होता, हे दुसरं. सशांनी डोंगरउतार कुरतडून उघडे केले, दरडी कोसळू लागल्या. अखेर ससे, घुशी आणि उंदीर हे तिन्ही एकदम हटवून २०१४ मध्ये बेट मोकळं झालं. विणकामातला एक टाका सुटला की शेजारचे दहा उसवतात, तसंच हे.

एका बेटावरच्या घरांची गोष्ट

आतापर्यंतच्या बेटांवर बिऱ्हाडं थोडी. ॲसेन्शन बेटाचं तसं नाही. अटलांटिक महासागरातल्या या ब्रिटिश बेटावर वस्ती आहे, घरं आहेत आणि घरात लाडकी मांजरंही आहेत. इथली हकीकत म्हणूनच आपल्या अधिक जवळची वाटते.

नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर कैदेत ठेवलं तेव्हा, १८१५ साली, इंग्रजांनी ॲसेन्शनवर शिबंदी ठेवली. उंदरांसाठी मांजरं आली, रानात गेली, आणि लाखो समुद्रपक्ष्यांनी गजबजलेलं बेट ओस पडलं. मांजरांना न पोहोचता येणाऱ्या कड्यांवर आणि किनाऱ्यालगतच्या एका खडकावर उरलेसुरले पक्षी दाटीवाटीनं राहू लागले.

रानटी मांजरं हटवायची ठरली तेव्हा अधिकाऱ्यांपुढे प्रश्न पडला: घरच्या मांजरांचं काय? लोकांची मांजरं काढून घेणं कुणालाच मान्य नव्हतं. मग असं ठरलं, की प्रत्येक पाळीव मांजराची नोंद व्हायची, त्याला ओळखखूण लावायची आणि त्याची नसबंदी व्हायची. म्हणजे घरचं मांजर चुकून रानात गेलंच, तरी नवी फौज उभी राहणार नाही. एवढी काळजी घेऊनही मोहिमेत सुमारे ३८ टक्के घरची मांजरं चुकून मारली गेली. ज्यांची मांजरं गेली त्यांना काय वाटलं असेल, ते मांजर पाळणारीला वेगळं सांगायला नको.

२००६ मध्ये बेट रानटी मांजरांपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. आणि २०१२ साली, दीडशेहून अधिक वर्षांनी, तिथले फ्रिगेट पक्षी खडकावरून मुख्य बेटावर परतले आणि त्यांनी पुन्हा घरटी केली. चूक झाली तरी निस्तरता येते, फक्त त्याची किंमत फार मोठी असते. स्टीफन्स बेटावरच्या त्या चिमुकल्या पक्ष्याला मात्र कुठलीच किंमत मोजून परत आणता येणार नाही.

आणि आपल्या घरी?

आपल्या गावात न उडणारे पक्षी नाहीत. मासळीबाजारात सोडलेल्या दोन पिल्लांनी एखादी जात नाहीशी होणार नाही. पण ती पिल्लं जगली तर वर्षभरात त्यांची दहा होतात, आणि परसातल्या चिमण्या-बुलबुलांना त्यांचा त्रास होतोच. जगली नाहीत, तर कुत्र्यांच्या तोंडी किंवा गाडीखाली जातात. दोन्हीकडून हाल मुक्या जिवांचेच. म्हणून मांजर असलेल्या घरांसाठी या चार गोष्टी:

• मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की पशुवैद्याच्या सल्ल्यानं तिची नसबंदी करून घ्या. 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत' असं म्हणतात, पण तिच्या प्रकृतीसाठी त्याची गरज नसते. बोक्याचीही करून घ्या. त्याचं भटकणं आणि मारामाऱ्या कमी होतात. रेबीजची लस चुकवू नका.

• पिल्लं झालीच असतील तर निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्या. या दिवसांत मुलांना ती हळुवार हाताळू द्या, म्हणजे माणसाळतील आणि चांगली घरंही मिळतील.

• बदली झाली, बिऱ्हाड हललं, तर मांजराला मागे सोडू नका. नव्या घरी पहिले दोन-तीन आठवडे त्याला आतच ठेवा, म्हणजे ते नव्या घराला सरावतं. प्राणी उपाशी मरेल अशा स्थितीत त्याला सोडून देणं हा १९६० च्या कायद्याप्रमाणे आपल्याकडे गुन्हाही आहे.

• पक्ष्यांची लगबग पहाटे आणि तिन्हीसांजेला असते. तेवढा वेळ मनीला घरात ठेवा. आणि मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असं उंदरांना वाटलं तरी तुम्ही ती बांधू शकता! अडकलं तर झटकन सुटेल असा पट्टा घ्या. घंटेनं थोडे पक्षी तरी सावध होतात.

तेव्हा पुढच्या वेळी घरात कुणी ती कापडी पिशवी शोधायला लागलं, तर ती तुम्ही आधी उचलून ठेवा. माळ्यावरची झाकणाची टोपली काढा, तळाशी जुन्या लुगड्याची घडी घाला आणि मनीला घेऊन दवाखान्यात जा. पिल्लं कुठे सोडायची, हा प्रश्न त्यानंतर घरात निघणारच नाही.